अटलांटा, १५ नोव्हेंबर १९९२: शर्यत एलियटची, विजेतेपद कुल्विकीचे

घाटमाथा (धागालेखक)

मोटार शर्यतींवरील आपल्याकडची चर्चा बहुधा फॉर्म्युला वनपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतींचा विषय निघाला की ‘चार तास डावीकडे वळत राहण्यात काय ते पाहायचे’ असे म्हणून तो बाजूला सारला जातो. हा आक्षेप मी खोडून काढत बसणार नाही. त्याऐवजी एकाच शर्यतीची हकीकत मांडतो. तीत गाड्या खरोखरच डावीकडे वळत राहिल्या, पण निकाल लागला तो फेऱ्या मोजणाऱ्या माणसाच्या हिशेबावर.

नॅसकार या अमेरिकेतील स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या विन्स्टन कप या मुख्य मालिकेत १९९२ च्या हंगामात २९ शर्यती होत्या. शेवटची शर्यत, हूटर्स ५००, जॉर्जिया राज्यातील हॅम्प्टन गावाजवळच्या अटलांटा मोटर स्पीडवेवर झाली. ट्रॅक १.५२२ मैलांचा आणि फेऱ्या ३२८, म्हणजे एकूण अंतर सुमारे आठशे किलोमीटर. त्या दिवशी सकाळी गणिताच्या दृष्टीने सहा चालक विजेतेपदाच्या शर्यतीत होते. डेव्ही ॲलिसन पहिल्या स्थानी होता. त्याच्या मागे ३० गुणांवर ॲलन कुल्विकी, ४० गुणांवर बिल एलियट, ९७ गुणांवर हॅरी गँट, ९८ गुणांवर काइल पेटी आणि ११३ गुणांवर मार्क मार्टिन. शेवटच्या तिघांना पुढच्या तिघांच्याही अपयशाची गरज होती, त्यामुळे खरी लढत तिघांचीच होती.

त्या तिघांत कुल्विकीचे नाव असणे हेच आश्चर्य होते. सप्टेंबरमध्ये डोव्हरच्या शर्यतीत त्याची गाडी धडकली, तेव्हा सहा शर्यती शिल्लक असताना तो एलियटपेक्षा २७८ गुणांनी मागे पडला होता. कुल्विकी हा विस्कॉन्सिनचा, मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा पदवीधर आणि स्वतःच्याच छोट्या संघाचा मालक. दक्षिणेतल्या घराणेदार संघांच्या या खेळात असा उत्तरेकडचा माणूस तसा उपराच. ज्युनिअर जॉन्सन या मातब्बर संघमालकाने त्याला आपल्याकडे गाडी चालवण्यासाठी बोलावले होते आणि त्याने ते नाकारले होते. १९९२ मध्ये त्याच जॉन्सनच्या गाडीत बिल एलियट बसला होता, हे ध्यानात ठेवले म्हणजे अटलांटाच्या त्या दुपारची धार कळते.

शर्यतीचा पूर्वार्ध मी थोडक्यात आटोपतो. पोल म्हणजे सुरुवातीचे पहिले स्थान मिळवलेला रिक मास्ट दुसऱ्याच फेरीत ब्रेट बोडाइनसह अपघातात सापडला. पुढे काइल पेटी आणि मार्टिन यांची इंजिने निकामी झाली. ॲलिसनला पाचव्या क्रमांकाच्या आत राहिले तरी पुरे होते, म्हणून तो जपून चालवत होता. परंतु २५४ व्या फेरीत त्याच्या पुढे असलेल्या एर्नी अर्व्हनची गाडी ताबा सुटून आडवी फिरली आणि ॲलिसन तिच्यावर आदळला. तेथून पुढे उरले दोघे, कुल्विकी आणि एलियट, दोघेही फोर्ड थंडरबर्डमध्ये आणि दोघेही आघाडीवर.

कुल्विकीचा क्रू चीफ, म्हणजे गाडी आणि डावपेच सांभाळणारा संघप्रमुख, पॉल अँड्र्यूज याच्या लक्षात आले, की आता पहिला कोण येतो यापेक्षा सर्वाधिक फेऱ्यांत आघाडीवर कोण राहतो याला अधिक महत्त्व आहे, कारण त्याबद्दल पाच बोनस गुण मिळतात. इंधनासाठी दोघांनाही एकदा थांबणे भागच होते. ते बोनस गुण हाती पडेपर्यंत त्याने कुल्विकीला पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, येऊ दिले नाही. ३१० व्या फेरीपर्यंत आघाडी राखून मगच कुल्विकी इंधनासाठी आत आला. पुढे एलियटने शर्यत सुमारे आठ सेकंदांनी जिंकली आणि कुल्विकी दुसरा आला. आघाडीच्या फेऱ्या: कुल्विकी १०३, एलियट १०२. अंतिम गुण: कुल्विकी ४०७८, एलियट ४०६८. दहा गुणांचे हे अंतर तोवरच्या इतिहासातील सर्वांत कमी होते. २००४ मध्ये कर्ट बुश आठ गुणांनी जिंकला तेव्हा ते मागे पडले.

या निकालाकडे जाणकार कसे पाहतात ते वाचायला आवडेल. हिशेबाने मिळवलेले विजेतेपद हे चालकाचे मानावे की त्याच्या क्रू चीफचे?


नवखा_प्रेक्षक

लेख आवडला, पण एक गोष्ट समजली नाही. एलियट दहा गुणांनी मागे होता आणि त्याने शर्यत जिंकली, तर अंतर थोडे तरी कमी व्हायला हवे होते. ते शेवटीही नेमके दहाच कसे राहिले? आणि एका फेरीच्या फरकाला एवढे महत्त्व का आले, हे कृपया कोणी उलगडून सांगावे.


अंकगणिती

@नवखा_प्रेक्षक, तुमची शंका रास्त आहे, कारण सगळी मेख तिथेच आहे. ही गुणपद्धत बॉब लॅटफोर्ड यांनी तयार केली आणि ती १९७५ पासून लागू झाली. तीत पहिल्याला १७५, दुसऱ्याला १७० असे सहाव्या क्रमांकापर्यंत पाच-पाच गुण कमी होत जातात. सातव्यापासून अकराव्यापर्यंत चार-चार आणि बाराव्यापासून तीन-तीन. शिवाय किमान एका फेरीत आघाडीवर राहिलेल्या प्रत्येकाला पाच गुण आणि सर्वाधिक फेऱ्यांत आघाडीवर राहिलेल्याला आणखी पाच.

आता आकडे मांडू. शर्यतीपूर्वी कुल्विकीचे ३८९८ आणि एलियटचे ३८८८ गुण होते. एलियटला विजयाचे १७५ आणि आघाडीचे ५ मिळून १८० गुण मिळाले. कुल्विकीला दुसऱ्या क्रमांकाचे १७०, आघाडीचे ५ आणि सर्वाधिक फेऱ्यांचे ५ मिळून तेवढेच १८०. म्हणजे शर्यत जिंकूनही एलियट तसूभरही पुढे सरकला नाही.

समजा, १०३ पैकी एकच फेरी कुल्विकीकडून एलियटकडे गेली असती. मग एलियटच्या १०३ आणि कुल्विकीच्या १०२ फेऱ्या झाल्या असत्या, पाच गुण तिकडे वळले असते आणि दोघेही ४०७३ गुणांवर बरोबरीत आले असते. बरोबरी सोडवण्याचा निकष हंगामातील विजयांचा होता. एलियटचे विजय पाच, कुल्विकीचे दोन. विजेतेपद एलियटचे झाले असते. २९ शर्यतींच्या हंगामाचा निकाल दीड मैलाच्या एका फेरीवर टेकला होता, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.


लाल_झेंडा

हिशेब अचूक आहे आणि म्हणूनच तो मला खटकतो. एलियटने पाच शर्यती जिंकल्या, ॲलिसनने पाच जिंकल्या, कुल्विकीने दोन. सातत्याचा मुद्दा कोणी पुढे करील, म्हणून आधीच सांगतो, की पहिल्या दहांत येण्याची कामगिरी तिघांचीही सारखीच, प्रत्येकी सतरा वेळा आहे. आणि पहिल्या पाचांत एलियट चौदा वेळा, ॲलिसन पंधरा वेळा, तर कुल्विकी अकरा वेळा आला. ज्या पद्धतीत अशा तिघांपैकी तिसरा विजेता ठरतो, त्या पद्धतीत काहीतरी चुकते आहे असे मला वाटते. शेवटच्या शर्यतीतसुद्धा कुल्विकीने पहिले येण्याची धडपड केली नाही. दुसरा क्रमांक पुरेसा आहे हे ठाऊक असल्याने तो इंधन वाचवत निवांत मागे राहिला. ‘उपऱ्याचा विजय’ ही कथा ऐकायला गोड आहे, पण त्या गोडव्यापायी एलियटच्या हंगामावर अन्याय होतो.


घाटमाथा (धागालेखक)

@लाल_झेंडा, आकडे मान्य आहेत, परंतु त्यांवरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. लॅटफोर्ड यांच्या पद्धतीचा हेतूच असा होता, की आघाडीच्या चालकांनी निवडक मोठ्या शर्यतींपुरते न येता सगळ्या शर्यतींना हजर राहावे आणि प्रत्येक शर्यत शेवटपर्यंत नेटाने पुरी करावी. या पद्धतीत वाईट दिवसाची किंमत मोठी असते. गाडी पस्तिसाव्या क्रमांकावर अडकली, तर विजेत्याच्या तुलनेत शंभराहून अधिक गुण एका दुपारी जातात, आणि ते भरून काढायला दोन-तीन विजयही पुरत नाहीत, कारण विजय आणि दुसरा क्रमांक यांत अंतरच पाचाचे आहे.

एलियटच्या हंगामाचे नेमके हेच झाले. मार्च महिन्यात रॉकिंगहॅम, रिचमंड, अटलांटा आणि डार्लिंग्टन अशा चार शर्यती त्याने ओळीने जिंकल्या. डोव्हरनंतर तो दुसऱ्या क्रमांकावरील ॲलिसनपेक्षा १५४ गुणांनी पुढे होता. त्यानंतर यांत्रिक बिघाडांनी त्याला असे काही घेरले, की फिनिक्सची शर्यत संपली तेव्हा तो तिसऱ्या स्थानी उतरला होता. अटलांटातील एका फेरीने त्याचे विजेतेपद गेले हे खरे. पण ती एक फेरी निर्णायक ठरावी अशी वेळ डोव्हरनंतरच्या बिघाडांनी आणली. कुल्विकीने त्याच काळात गाडी शाबूत ठेवून गुण जमवले.

आणि तो ‘निवांत’ होता, हे वर्णन तर मुळीच पटत नाही. १०३ फेऱ्या आघाडीवर राहणारा चालक, विजेत्यापेक्षाही जास्त फेऱ्या पुढे राहिलेला चालक, निवांत कसा?


वंगण

‘निवांत’ या शब्दावर मलाही बोलायचे आहे, कारण त्या गाडीची अवस्था अनेकांना माहीत नसते. पहिल्याच पिट स्टॉपच्या वेळी कुल्विकीच्या गाडीचा पहिला गिअर तुटला. अंडाकृती ट्रॅकवर एकदा वेग घेतला की चालक वरच्या गिअरमध्येच राहतो, त्यामुळे धावताना त्याची उणीव भासत नाही. अडचण येते ती पिटमधून निघताना. सोळाशे किलोच्या आसपास वजनाची गाडी उभ्या जागेवरून वरच्या गिअरमध्ये हलवायची म्हणजे क्लच जपून सोडत, इंजिन बंद पडू न देता आणि मागून क्रूने ढकलत तिला गती द्यायची. घाटात भरलेला टेंपो तिसऱ्या गिअरवर उचलण्याचा प्रयत्न ज्याने केला असेल त्याला यातली कसरत कळेल. प्रत्येक स्टॉपला यात मोलाचे सेकंद जात होते आणि तुटलेल्या गिअरचा तुकडा आत फिरून बाकीचे दात खाईल ही धास्ती होती ती वेगळीच.

आता ३१० व्या फेरीनंतरच्या त्या स्टॉपकडे पाहा. टायर न बदलता केवळ इंधन घेऊन निघायचे होते. वेळ कमीत कमी घालवायचा, तर इंधनही जेमतेमच घ्यावे लागते. ते टाकीत नक्की किती गेले याची खात्री नसताना कुल्विकीला उरलेल्या फेऱ्या काढायच्या होत्या. अशा स्थितीत एलियटचा पाठलाग करून शेवटच्या दोन फेऱ्यांत टाकी कोरडी पडू देणे हा मूर्खपणा ठरला असता. वळणाआधी पाय लवकर उचलून, इंजिनाचे फेरे कमी ठेवून, तरीही तिसऱ्या गाडीला जवळ येऊ न देता चालवणे हे कौशल्य दूरचित्रवाणीवर दिसत नाही. परंतु जो इंजिनिअर आपली गाडी स्वतः बांधतो त्याच्या हाती ते असते. मूळ लेखातील प्रश्नाला माझे उत्तर असे, की बेरीज अँड्र्यूजची होती, पण बेरजेत लिहिण्याजोगे आकडे कुल्विकीने पुरवले.


नवखा_प्रेक्षक

अंकगणिती, आता चित्र स्पष्ट झाले, आभार. ॲलिसनविषयी मात्र कोणी फारसे लिहिलेले नाही. तो तर सर्वांच्या पुढे होता. अपघात झाला नसता तर तो सहज जिंकला असता का?


अंकगणिती

‘सहज’ म्हणता येणार नाही, पण जिंकला असता असे आकडे सांगतात, आणि तेही लोक समजतात त्याहून कमी कष्टांत. ॲलिसनचे शर्यतीपूर्वी ३९२८ गुण होते. पाचवा क्रमांक हवा, हे गणित कुल्विकीने शर्यतही जिंकली आणि सर्वाधिक फेऱ्यांचे गुणही घेतले असे धरून केलेले होते: कुल्विकीचे १८५ गुण, ॲलिसनचे १५५, दोघे बरोबरीत, आणि विजयांवर ॲलिसन पुढे. प्रत्यक्षात कुल्विकी दुसरा आला आणि त्याला १८० गुण मिळाले. ॲलिसन सत्ताविसावा आला; त्या क्रमांकाचे गुण ८२ होतात, पण त्याची अंतिम बेरीज ४०१५, म्हणजे त्याने ८७ मिळवले. याचा अर्थ आघाडीच्या फेरीचे पाच बोनस गुण त्याच्या खात्यात आधीच जमा होते. मग त्याला लागणारा क्रमांक कोणता? सातव्याचे १४६ अधिक ५ म्हणजे १५१, आणि एकूण ४०७९. कुल्विकीपेक्षा नेमका एक गुण जास्त. अपघात झाला त्या वेळी तो सहाव्या क्रमांकावर धावत होता.

त्या चालकाच्या त्या वर्षाबद्दलही दोन वाक्ये लिहायलाच हवीत. हंगामाची सुरुवात त्याने डेटोना ५०० जिंकून केली. जुलैमध्ये पोकोनो येथे त्याची गाडी अनेक वेळा उलटून हात आणि गळपट्टीचे हाड मोडले, आणि ऑगस्टमध्ये त्याचा धाकटा भाऊ क्लिफर्ड मिशिगनच्या ट्रॅकवर सराव करताना मरण पावला. एवढे सोसून तो अटलांटाला पहिल्या क्रमांकाने आला होता. अर्व्हनच्या गाडीचा टायर हवा सोडत होता आणि ॲलिसनला बाजूला व्हायला जागाच नव्हती, त्यामुळे या अपघाताचे खापर ॲलिसनवर फोडता येत नाही.


चॅटाहूचीकाठ

अटलांटाच्या उत्तरेला राहत असल्याने एक स्थानिक बाजू मांडतो. बिल एलियट हा येथून तासाभराच्या अंतरावरील डॉसनव्हिलचा. त्या गावातील पूल रूमच्या छपरावर एक भोंगा आहे आणि एलियट शर्यत जिंकला की तो वाजवायची प्रथा पडली होती. त्यामुळे १५ नोव्हेंबरची ती शर्यत एलियटच्या घरच्या ट्रॅकवरची होती. घरच्या ट्रॅकवर जिंकून विजेतेपद हरणे हा प्रकार इथल्या जुन्या चाहत्यांना अजूनही पचलेला नाही, तेव्हा @लाल_झेंडा यांची बाजू घेणारे इकडे भरपूर सापडतील.

दुसरे असे, की या धाग्यात एका माणसाचा उल्लेखच आला नाही, आणि हजारो प्रेक्षक त्या दिवशी मुख्यतः त्याच्यासाठी आले होते. सात विजेतेपदे आणि दोनशे विजय नावावर असलेल्या रिचर्ड पेटींची ती अखेरची शर्यत होती. १९५८ पासून ते या मालिकेत धावत होते. ९५ व्या फेरीच्या सुमारास इतरांच्या अपघातात त्यांची ४३ क्रमांकाची गाडी सापडली आणि तिच्या पुढच्या भागाने पेट घेतला. क्रूने तिची जमेल तशी डागडुजी केली आणि पेटींनी शेवटी पुन्हा ट्रॅकवर येऊन शर्यत धावत्या गाडीतच संपवली. क्रमांक पस्तिसावा. त्याच शर्यतीत एकवीस वर्षांचा जेफ गॉर्डन विन्स्टन कपमध्ये प्रथमच उतरला, अपघातामुळे एकतिसावा आला, आणि त्या दिवशी त्याची कोणी विशेष दखल घेतली नाही. पुढे त्याने चार विजेतेपदे आणि ९३ शर्यती जिंकल्या.


लाल_झेंडा

@वंगण आणि @अंकगणिती यांच्या प्रतिसादांनंतर ‘निवांत’ हा शब्द मी मागे घेतो. माझा मूळ आक्षेप मात्र चालकावर नसून पद्धतीवर होता आणि तो कायम आहे. गंमत अशी, की नॅसकारलाही पुढे हाच आक्षेप पटलेला दिसतो. २००३ मध्ये मॅट केन्सेथने हंगामात एकच शर्यत जिंकून विजेतेपद मिळवले आणि पुढच्याच वर्षी ‘चेस’ ही शेवटच्या दहा शर्यतींची वेगळी पद्धत आली. २०१४ मध्ये तर अखेरच्या शर्यतीत चौघांना समान पातळीवर आणून त्यांतला जो पुढे येईल तो विजेता, असा नियम केला गेला.


घाटमाथा (धागालेखक)

पण त्या बदलाने काय साधले ते पाहा. १९९२ मध्ये सहा जण शेवटच्या शर्यतीपर्यंत टिकले ते हंगामाच्या ओघात, कोणी त्यांना ओढून समान पातळीवर आणले नव्हते. २०१४ च्या पद्धतीतील चौघांची चुरस नियमाने घडवलेली होती. एलियटला अटलांटात जो धक्का बसला, तो निदान त्याच्या आधीच्या अठ्ठावीस शर्यतींच्या बेरजेतून आलेला होता. त्या पद्धतीत अख्ख्या हंगामात सरस ठरलेला चालक शेवटच्या दिवशी एका पंक्चर टायरमुळे सगळे गमावू शकत होता. अन्याय कशात जास्त, हे तुम्हीच ठरवा.

कुल्विकीला आपले विजेतेपद राखण्याची संधी मात्र जवळजवळ मिळालीच नाही. १ एप्रिल १९९३ रोजी ब्रिस्टलच्या शर्यतीसाठी जाताना टेनेसीतील ब्लाउंटव्हिलजवळ त्याचे विमान कोसळले. जुलैमध्ये टॅलाडेगा येथील हेलिकॉप्टर अपघातात ॲलिसनही गेला. विजय मिळाल्यावर ट्रॅकवर उलट्या दिशेने फेरी मारण्याची कुल्विकीची पद्धत होती. १९८८ मध्ये फिनिक्सला पहिला विजय मिळवला तेव्हा त्याने ती सुरू केली आणि अटलांटातही विजेतेपदानंतर तशीच फेरी मारली. उलट्या दिशेने गेल्यास चालकाची खिडकी प्रेक्षकांच्या बाजूला येते, इतके साधे कारण त्यामागे होते.


नवखा_प्रेक्षक

शेवटचा एक प्रश्न. अंकगणितींनी सांगितलेली बरोबरी १९९२ मध्ये एका फेरीने हुकली. ती नंतर कधी खरोखर झाली का?


अंकगणिती

झाली, २०११ मध्ये. टोनी स्टुअर्ट आणि कार्ल एडवर्ड्स दोघेही २४०३ गुणांवर थांबले. तोवर गुणपद्धत बदलली होती, परंतु बरोबरी सोडवण्याचा निकष विजयांचाच राहिला होता. स्टुअर्टचे विजय पाच, एडवर्ड्सचा एक, विजेतेपद स्टुअर्टचे. एडवर्ड्सने शेवटच्या शर्यतीत सर्वाधिक फेऱ्या आघाडीवर राहून जास्तीचा बोनस मिळवला होता, आणि तरीही तो हरला. स्टुअर्ट हा आपल्या संघाचा सहमालकही होता, म्हणजे कुल्विकीनंतर संघात मालकी असलेल्या चालकाने मिळवलेले ते पहिले विजेतेपद. @लाल_झेंडा यांच्या निकषाने पाहिले तर त्या वर्षी जास्त विजयांचा चालक जिंकला, तेव्हा २०११ बद्दल त्यांची तक्रार नसावी.